आतड्याचा जुनाट दाह आणि मातृत्व

दिवस राहिल्याचे कळताच नेहमीची सर्व औषधे बंद करून टाकावीत, असा अनेक घरांतील अलिखित नियम आहे. त्यामागे काळजीच असते. किरकोळ सर्दी-पडशाच्या गोळ्यांबाबत हा नियम पाळल्याने फारसे बिघडत नाही. परंतु ज्या स्त्रीला आतड्याच्या जुनाट दाहाचा विकार आहे, तिच्या बाबतीत हाच नियम आई आणि बाळ या दोघांनाही महागात पडू शकतो. या विकारात गर्भाला खरा धोका असतो तो उसळलेल्या रोगाचा. रोगाला आटोक्यात ठेवणारी बहुतेक औषधे त्या मानाने कितीतरी सुरक्षित आहेत. गेल्या दोन दशकांतील संशोधनाचे सार एवढेच सांगते, आणि गर्भारपण व स्तनपान या काळातील उपचारांची सारी आखणी या एका सूत्रावर उभी आहे.

विकाराचे स्वरूप

'इन्फ्लमेटरी बॉवेल डिसीज' म्हणजेच आयबीडी या नावाखाली मुख्यत्वे दोन विकार येतात. 'अल्सरेटिव्ह कोलायटिस'मध्ये मोठ्या आतड्याच्या आतील अस्तराला सूज येऊन व्रण पडतात. शौचावाटे रक्त व आव पडणे, वारंवार शौचास जावे लागणे, पोटात मुरडा येणे ही त्याची लक्षणे होत. 'क्रोन्स डिसीज' तोंडापासून गुदद्वारापर्यंत पचनमार्गात कोठेही होऊ शकतो. त्यात आतड्याची भिंत संपूर्ण जाडीभर सुजते, आतडे जागोजागी अरुंद होते आणि काही रुग्णांना गुदद्वारापाशी भगंदर होते. न्यूयॉर्कमधील डॉ. बरिल क्रोन व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९३२ मध्ये या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले आणि पुढे त्याला क्रोन यांचेच नाव मिळाले. मानसिक ताणाने बळावणाऱ्या 'आयबीएस'शी या विकारांची गल्लत केली जाते. मात्र आयबीएसमध्ये आतड्याला सूज वा जखमा नसतात, आयबीडीमध्ये असतात.

हे पाश्चात्त्यांचे आजार आहेत, असा समज भारतात दीर्घकाळ होता. पंजाबात झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दर लाख लोकसंख्येमागे सुमारे ४४ जणांना अल्सरेटिव्ह कोलायटिस असल्याचे आढळले, तेव्हा या समजाला मोठा तडा गेला. भारतात क्रोन्सपेक्षा कोलायटिसचे रुग्ण अधिक आढळतात. हे दोन्ही विकार बहुधा १५ ते ३५ या वयात डोके वर काढतात. शिक्षण, नोकरी, विवाह आणि मातृत्व यांचेही वय तेच असल्याने हा प्रश्न अनेक तरुण जोडप्यांसमोर उभा राहतो.

बाळालाही हा आजार होईल का, ही त्यांची पहिली शंका असते. आई किंवा वडील यांपैकी एकालाच विकार असेल, तर अपत्याला तो होण्याची शक्यता थोडी वाढते, परंतु अशी बहुसंख्य मुले आयुष्यभर निरोगीच राहतात. दोघांनाही विकार असल्यास मात्र शक्यता बरीच वाढते. आनुवंशिकतेच्या भीतीने मूलच नको, असा निर्णय घेण्याचे कारण नाही.

गर्भधारणेची वेळ

रोग शांत असताना या स्त्रियांची गर्भधारणेची क्षमता इतर स्त्रियांएवढीच असते. रोग उसळलेला असताना ती घटते. मोठे आतडे काढून लहान आतड्याची पिशवी गुदद्वाराशी जोडण्याची शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांना ओटीपोटातील चिकट्यांमुळे दिवस राहण्यास अडचण येऊ शकते. दुर्बिणीद्वारे केलेल्या शस्त्रक्रियेत हा त्रास कमी आढळतो. गरज पडल्यास टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारांचाही उपयोग होतो.

आयबीडी असलेल्या पुरुषांनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सल्फासालाझिन या जुन्या औषधाने शुक्रजंतूंची संख्या व हालचाल मंदावते. औषध थांबवल्यानंतर दोन-तीन महिन्यांत ती पूर्ववत होते. अपत्यासाठी प्रयत्न सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलून मेसालामिनसारखा पर्याय निवडता येतो.

गर्भधारणेपूर्वी किमान तीन ते सहा महिने रोग पूर्णपणे शांत असावा, आणि तोही स्टिरॉइडच्या आधाराविना, असे तज्ज्ञ सांगतात. येथे केवळ 'बरे वाटते' यावर विसंबणे पुरेसे नसते. लक्षणे थांबली तरी आतड्यातील सूज शिल्लक असू शकते. म्हणून शौचातील कॅलप्रोटेक्टिनची तपासणी किंवा आतड्याची दुर्बीण तपासणी करून खात्री करून घेतली जाते. हिमोग्लोबिन, लोह, बी-१२ व ड जीवनसत्त्व यांच्या तपासण्या करून उणिवा याच काळात भरून काढाव्यात. फॉलिक अॅसिडही दिवस राहण्यापूर्वीच सुरू करावे. सल्फासालाझिन घेणाऱ्या स्त्रीला ते नेहमीपेक्षा अधिक, म्हणजे दररोज सुमारे २ मिलिग्रॅम लागते, कारण या औषधामुळे शरीरातील फॉलिक अॅसिडचे शोषण कमी होते.

गर्भधारणेच्या क्षणी रोग शांत असेल, तर पुढील नऊ महिन्यांत तो उसळण्याची शक्यता सुमारे एकतृतीयांश असते. गर्भवती नसलेल्या रुग्णांमध्येही एवढ्या काळात साधारण हेच प्रमाण आढळते. रोग उसळलेला असताना दिवस गेले, तर ढोबळमानाने एकतृतीयांश स्त्रियांचा आजार सुधारतो, एकतृतीयांशांचा तसाच राहतो आणि उरलेल्यांचा बळावतो. सक्रिय रोगामुळे गर्भपात, अकाली प्रसूती, बाळाचे वजन कमी भरणे आणि आईच्या रक्तवाहिनीत गुठळी होणे हे धोके वाढतात. दिवस राहण्याची योग्य वेळ साधणे हा म्हणूनच उपचाराचाच एक भाग ठरतो.

कोणती औषधे चालू ठेवावीत?

मेसालामिन व सल्फासालाझिन ही औषधे गर्भारपणात सुरक्षित मानली जातात आणि ती चालूच ठेवावीत. मेसालामिनच्या काही जुन्या गोळ्यांच्या आवरणात डायब्युटिल थॅलेट हे रसायन असे. तशी गोळी असल्यास डॉक्टर दुसऱ्या प्रकारची सुचवतात.

अॅझाथायोप्रिन या औषधाविषयी भीती सर्वाधिक असते, कारण त्याच्या माहितीपत्रकात गर्भाविषयी इशारा छापलेला असतो. मात्र हजारो गर्भवतींच्या अनुभवातून त्यामुळे जन्मजात व्यंगे वाढत असल्याचे दिसून आलेले नाही. पूर्वीपासून ते घेणाऱ्या स्त्रीने चालू ठेवावे, असाच सल्ला दिला जातो. गर्भारपणात ते प्रथमच सुरू करणे मात्र टाळतात, कारण सुरुवातीच्या काळात स्वादुपिंडाला सूज येणे किंवा पांढऱ्या पेशी घटणे असे दुष्परिणाम अचानक उद्भवू शकतात.

इन्फ्लिक्सिमॅब व अॅडालिमुमॅब ही इंजेक्शने 'बायॉलॉजिक' गटातील प्रथिनस्वरूप औषधे होत. पहिल्या तिमाहीत ती वारेतून बाळाकडे जवळजवळ जात नाहीत. दुसऱ्या तिमाहीपासून त्यांचे प्रमाण वाढू लागते आणि शेवटच्या आठवड्यांत ते सर्वाधिक असते. जन्मसमयी बाळाच्या रक्तातील औषधाचे प्रमाण आईच्या रक्तातल्यापेक्षाही जास्त भरू शकते. असे असूनही त्यामुळे व्यंगे वा अकाली प्रसूती वाढल्याचे आढळलेले नाही. अमेरिकेत २००७ पासून चाललेल्या 'पियानो' या नोंदवहीत सुमारे १५०० गर्भारपणांचा मागोवा घेण्यात आला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार बायॉलॉजिक औषधे, अॅझाथायोप्रिनसारखी औषधे किंवा दोन्ही एकत्र घेणाऱ्या मातांच्या बाळांमध्ये पहिल्या वर्षात विशेष वेगळा धोका दिसला नाही. उलट रोग उसळलेल्या मातांमध्ये गर्भपात व अकाली प्रसूतीचे प्रमाण अधिक होते. ही इंजेक्शने शेवटच्या तिमाहीत थांबवण्याची पूर्वीची पद्धत त्यामुळे मागे पडली आहे. व्हेडोलिझुमॅब व युस्टेकिनुमॅब या नव्या औषधांबाबतचा अनुभवही आश्वासक असून तीही चालू ठेवण्याचा सल्ला दिला जातो.

स्टिरॉइड हे रोग उसळल्यावर तात्पुरते वापरायचे औषध आहे. त्यामुळे आईला मधुमेह व रक्तदाब यांचा त्रास संभवतो, म्हणून साखरेवर लक्ष ठेवावे लागते. तरीही अनावर रोगापेक्षा स्टिरॉइड परवडते. काही आठवड्यांहून अधिक काळ घेतलेले स्टिरॉइड एकाएकी थांबवणे जिवावर बेतू शकते, हे कधीही विसरू नये.

कोणती औषधे वर्ज्य?

मेथोट्रेक्सेट गर्भाला निश्चितपणे घातक आहे. त्यामुळे गर्भपात व गंभीर व्यंगे होतात. दिवस जाण्यापूर्वी किमान तीन महिने ते बंद केलेले असावे आणि ते घेत असताना गर्भनिरोधनाची खात्रीची साधने वापरावीत. थॅलिडोमाइडही पूर्णतः वर्ज्य आहे. टोफासिटिनिब व उपाडासिटिनिब या नव्या गोळ्या, तसेच ओझानिमॉड यांचा गर्भवतींमधील अनुभव अपुरा असून प्राण्यांवरील प्रयोगांत गर्भाला हानी दिसली आहे. म्हणून दुसरा पर्याय असेल तेथे त्या टाळतात. टोफासिटिनिबचा वापर भारतात बराच वाढला आहे. ही गोळी घेणाऱ्या तरुणीने विवाह किंवा अपत्याचा विचार सुरू होताच डॉक्टरांना तसे सांगावे, म्हणजे औषध वेळेत बदलता येते. यांपैकी एखादे औषध चालू असताना अनपेक्षितपणे दिवस राहिल्यास त्याच दिवशी डॉक्टरांशी संपर्क साधावा.

अंगदुखी वा तापासाठी पॅरासिटामॉल घ्यावे. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकांनी आतड्याचा दाह बळावू शकतो आणि गर्भारपणातही ती योग्य नव्हेत. लेबल नसलेली चूर्णे व काढे यांपासून दूर राहावे. अशा काही औषधांत जड धातू किंवा न सांगितलेले स्टिरॉइड आढळून आले आहे.

नऊ महिन्यांतील देखरेख

या काळात स्त्रीरोगतज्ज्ञ आणि पोटविकारतज्ज्ञ या दोघांचाही परस्परांशी संवाद असावा. एकाने लिहून दिलेले औषध दुसऱ्याने थांबवले, असा प्रकार घडू नये म्हणून एकाच फायलीत दोघांच्याही नोंदी ठेवाव्यात. रोग शांत असला तरी दर तिमाहीत एकदा पोटविकारतज्ज्ञांची भेट घ्यावी. गर्भारपणात हिमोग्लोबिन स्वाभाविकपणे घटते आणि ईएसआर वाढतो. त्यामुळे केवळ रक्ततपासणीवरून रोगाचा अंदाज बांधणे फसवे ठरते. शौचातील कॅलप्रोटेक्टिन या काळातही उपयोगी पडते. सोनोग्राफी सुरक्षित आहे, आणि गरज भासल्यास गॅडोलिनियमचे इंजेक्शन न देता एमआरआय करता येतो. मोठ्या आतड्याच्या खालच्या भागाची दुर्बीण तपासणीही खरी गरज असेल तेव्हा करतात. सीटी स्कॅन शक्यतो टाळतात.

शौचावाटे रक्त पडले की गर्भारपणातील मूळव्याध म्हणून ते सोडून देण्याची चूक सर्रास होते. आयबीडी असलेल्या स्त्रीने तसे कधीही करू नये. लोहाच्या गोळ्यांनी शौचाचा रंग काळपट होतो, लाल रक्त पडत नाही. रक्त व आव पडणे, रात्री झोपेतून उठून शौचास जावे लागणे, ताप, सतत पोटदुखी, उलट्यांसह पोट फुगणे, वजन न वाढणे ही लक्षणे दिसल्यास त्वरित डॉक्टरांकडे जावे. एकाच पायाला सूज येणे किंवा अचानक धाप लागणे हे रक्ताच्या गुठळीचे लक्षण असू शकते. उसळलेल्या रोगासाठी रुग्णालयात दाखल व्हावे लागल्यास गुठळी टाळणारी हेपारिनची इंजेक्शने दिली जातात. गर्भारपणातील रक्तदाबाचा विकार टाळण्यासाठी १२ ते १६ आठवड्यांदरम्यान अल्प मात्रेतील अॅस्पिरिन सुरू करावे, अशी शिफारस जागतिक तज्ज्ञगटाने २०२५ मध्ये केली आहे. मात्र त्याचा निर्णय डॉक्टरांनीच घ्यावयाचा असतो.

आहाराच्या बाबतीत 'दोघांसाठी खा' हा आग्रह आणि 'पोट बिघडेल म्हणून काहीच नको' ही धास्ती, दोन्ही टोके टाळावीत. मऊ भात, मुगाचे वरण, ज्वारीची मऊ भाकरी, अंडी, शिजवलेल्या भाज्या, केळे, ताजे ताक असा साधा आहार बहुतेकींना मानवतो. दूध पचत नसेल, तर दही-ताक व कॅल्शियमच्या गोळ्या घ्याव्यात. आतडे अरुंद झाले असल्यास चोथा असलेले कच्चे पदार्थ, मक्याचे दाणे, साली व बिया टाळाव्यात. शाकाहारी स्त्रिया आणि लहान आतड्याचा शेवटचा भाग काढलेल्या स्त्रिया यांच्यात बी-१२ची उणीव हमखास आढळते. लोहाच्या गोळ्या सोसत नसतील, तर पहिल्या तिमाहीनंतर शिरेतून लोह देता येते.

प्रसूती

केवळ आयबीडी आहे म्हणून सिझेरियन करण्याची गरज नसते. बहुसंख्य स्त्रियांची नैसर्गिक प्रसूती होऊ शकते. गुदद्वारापाशी सक्रिय भगंदर वा गळू असल्यास मात्र सिझेरियनच श्रेयस्कर, कारण त्या भागातील जखम भरून येणे कठीण जाते. आतड्याची पिशवी जोडलेल्या स्त्रियांच्या बाबतीत शल्यविशारदांचे मत घेऊन निर्णय करतात. बायॉलॉजिक औषधाचा पुढील डोस प्रसूतीनंतर, जंतुसंसर्ग नसल्याची खात्री करून, साधारण एक-दोन दिवसांत देता येतो.

स्तनपान

औषधे चालू आहेत म्हणून बाळाला वरचे दूध सुरू करणे ही आणखी एक टाळता येण्याजोगी चूक. मेसालामिन दुधात अत्यल्प उतरते. क्वचित बाळाला पातळ शौच होऊ शकते, तेवढ्याकडे लक्ष ठेवावे. सल्फासालाझिनही बहुधा चालते, मात्र बाळ अपुऱ्या दिवसांचे किंवा काविळीचे असल्यास बालरोगतज्ज्ञांना विचारावे. अॅझाथायोप्रिनचा दुधात उतरणारा अंश नगण्य असतो आणि त्यातील बराचसा गोळी घेतल्यानंतरच्या चार तासांतील असतो. प्रेडनिसोलोनची मात्रा मोठी असल्यास गोळीनंतर चार तासांनी पाजण्याचा सल्ला काही वेळा दिला जातो. बायॉलॉजिक औषधांचा दुधातील अंश फारच थोडा असून बाळाच्या पोटात तो इतर प्रथिनांप्रमाणे पचून जातो. मेथोट्रेक्सेट व टोफासिटिनिबसारख्या गोळ्या चालू असताना मात्र अंगावर पाजू नये.

स्तनपानामुळे आईचा रोग उसळतो, हा समजही निराधार आहे. प्रसूतीनंतर रोग उसळतो तो बहुधा पाजण्यासाठी म्हणून औषध सोडल्यामुळे. बाळंतिणीच्या पारंपरिक आहारातील मेथीच्या लाडवांबाबत थोडा संयम बाळगावा. मेथीने पोट ढिले होऊ शकते आणि ते रोगाचे लक्षण आहे की आहाराचा परिणाम, हे ओळखणे अवघड होऊन बसते. पुढील अपत्यात अंतर ठेवण्यासाठी इस्ट्रोजेनयुक्त गोळ्यांऐवजी, गुठळीचा धोका न वाढवणारे तांबीसारखे साधन अधिक योग्य असते.

बाळाच्या लसी

भारतातील पालकांनी सर्वाधिक सावध राहावे असा मुद्दा हाच आहे. क्षयप्रतिबंधक बीसीजी ही जिवंत जंतूंची लस राष्ट्रीय लसीकरणात जन्मतःच, बहुधा प्रसूतिगृहातून घरी जाण्यापूर्वीच टोचली जाते. आईने गर्भारपणाच्या उत्तरार्धात इन्फ्लिक्सिमॅब किंवा अॅडालिमुमॅब घेतले असेल, तर औषधाचा अंश बाळाच्या रक्तात कित्येक महिने राहतो आणि त्या काळात बीसीजीतील जंतूही बाळाला पेलवत नाहीत. २०१० मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदवलेल्या ब्रिटनमधील एका घटनेत, अशा मातेच्या निरोगी जन्मलेल्या बाळाला तिसऱ्या महिन्यात बीसीजी देण्यात आली. लसीतील जंतू सर्वांगात पसरून ते साडेचार महिन्यांचे असताना दगावले.

म्हणून अशा बाळाला पहिले सहा महिने तरी बीसीजी देऊ नये. इन्फ्लिक्सिमॅबबाबत ब्रिटनच्या औषध नियामकांनी २०२२ मध्ये, जिवंत लसींसाठी वर्षभर थांबण्याचा सल्ला दिला आहे. मात्र क्षयाचा प्रादुर्भाव असलेल्या देशात ही लस केवळ पुढे ढकलून विसरून जाणेही योग्य नव्हे. राष्ट्रीय कार्यक्रमात बीसीजी एक वर्षाच्या वयापर्यंत देता येते. नेमकी कधी द्यावी, हे बालरोगतज्ज्ञांशी बोलून ठरवावे आणि तोवर घरात कोणाला दीर्घकाळ खोकला असल्यास त्याची तपासणी करून घ्यावी. तोंडावाटे दिला जाणारा पोलिओचा डोसही जिवंत विषाणूंचा असतो. त्याऐवजी इंजेक्शनची लस घेता येते. रोटाव्हायरसच्या लसीबाबत अलीकडील अनुभव दिलासादायक आहे, तरी तीही विचारूनच द्यावी. कावीळ-ब, पेंटाव्हॅलंट यांसारख्या निर्जीव लसी ठरल्या वेळीच टोचाव्यात. मेसालामिन घेणाऱ्या मातांच्या बाळांना यांपैकी कोणतेही निर्बंध लागू होत नाहीत.

'जन्मतः बीसीजी व पोलिओचा डोस देऊ नये, बालरोगतज्ज्ञांना विचारावे' ही सूचना आठव्या महिन्यातच प्रसूतिगृहाच्या कागदपत्रांवर ठळकपणे लिहून घ्यावी. प्रसूतीच्या धावपळीत आईला ते सांगण्याचे भान असेलच असे नाही, म्हणून पती, आई व सासूबाई यांनाही याची कल्पना देऊन ठेवावी. घरच्यांना औषधांचे कारण नीट समजले, म्हणजे 'गोळ्या बंद कर' हा आग्रह आपोआप मावळतो. वेळेवर घेतलेल्या त्या गोळीने आईचे आतडे जपले जाते आणि तिच्या पोटातील बाळही सुखरूप राहते.